शाळेच्या वेबसाइटच्या तळाशी असलेलं ते एक वाक्य

न्यू जर्सी, टेक्सास किंवा इलिनॉयमध्ये राहणारं एखादं मराठी कुटुंब मुलांसाठी शाळा शोधू लागलं की यादीत दोन-तीन ख्रिस्ती शाळा हमखास येतात. शिस्त चांगली, वर्ग लहान, आणि आईवडील स्वतः मुंबई-पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले असले तर ओळखीचं वातावरण. या शाळांच्या वेबसाइटवर अगदी तळाशी, बारीक अक्षरात एक वाक्य असतं. आमची शाळा कोणत्याही वंशाच्या, वर्णाच्या, राष्ट्रीय किंवा वांशिक मुळाच्या विद्यार्थ्याला प्रवेश देते आणि शिक्षणात, प्रवेशात, शिष्यवृत्तीत, खेळात भेदभाव करत नाही, असा त्याचा आशय. देशभरातल्या हजारो शाळांत शब्द जवळपास सारखेच.

वाचणाऱ्याला वाटतं, ख्रिस्ती शाळा आहे, माणसं सारखी मानण्याची शिकवण आहे, म्हणून लिहिलं असेल. काही शाळांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण हे वाक्य शाळांना सुचलेलं नाही. ते अमेरिकेच्या आयकर खात्याने १९७५ मध्ये बंधनकारक केलं. त्याच्या मागे मिसिसिपीतल्या काही कृष्णवर्णीय पालकांनी लढलेला खटला आहे.

‘ख्रिस्ती शाळा’ म्हणजे नेमकी कोणती?

अमेरिकेत या शब्दाखाली दोन वेगळी घराणी येतात. एक कॅथलिक शाळा. यातल्या बहुतेक स्थानिक चर्चला जोडलेल्या असतात आणि त्यांच्यावर बिशपचा अधिकार चालतो. १९६०च्या दशकाच्या मध्याला त्यांत ५० लाखांहून जास्त मुलं शिकत होती, आज ती संख्या १७ लाखांच्या आसपास आहे. दुसरं घराणं प्रॉटेस्टंट पंथीयांच्या शाळांचं. तिथे वर कुणी बिशप नसतो. पालकांचं मंडळ किंवा एखादं चर्च शाळा चालवतं आणि निर्णयही तेच घेतं. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण वर्णभेद मोडताना तो फार कामाला आला आणि काही ठिकाणी आडही आला.

कृष्णवर्णीयांच्या शिक्षणात ख्रिस्ती शाळांचा वाटा मोठा आहे हेही आधी सांगायला हवं. मेरीलँड राज्यात गुलामगिरी कायदेशीर असताना, १८२८ मध्ये, मेरी लँग या कॅरिबियन बेटांकडून आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीने बाल्टिमोर शहरात कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा सुरू केली. पुढच्याच वर्षी तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीय नन्सचा संघ स्थापन केला. गोऱ्या नन्सच्या संघांत त्यांना जागा मिळण्याची शक्यताच नव्हती. ती शाळा, सेंट फ्रान्सिस अकॅडमी, बाल्टिमोरमध्ये आजही भरते.

याच सुमाराला अमेरिकी मिशनरी आपल्याकडेही शाळा काढत होते. बोस्टनच्या संस्थेचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फेरार यांच्या अहमदनगरच्या मुलींच्या शाळेने जोतीराव फुले प्रभावित झाले. फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. पण गुलामगिरी संपल्यानंतरही त्या अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा जवळजवळ शंभर वर्षं वेगळ्याच राहिल्या. ज्या चर्चनी इथे जातिभेदावर टीका केली, त्याच धर्माच्या अनेक शाळा तिथे रंग बघून दार उघडत होत्या.

बिशपच्या एका पत्राने काय होऊ शकतं

१९४७ मध्ये मिसूरी राज्याच्या कायद्यानुसार सरकारी शाळा वर्णानुसार वेगळ्या ठेवणं सक्तीचं होतं. त्या वर्षी सेंट लुइसचे आर्चबिशप जोसेफ रिटर यांनी आपल्या अखत्यारीतल्या कॅथलिक शाळा सर्वांना खुल्या करण्याचा आदेश दिला. सरकारी शाळांबाबतचा ब्राउन खटल्याचा निकाल यायला अजून सात वर्षं होती.

शेकडो गोऱ्या पालकांनी संघटना काढली आणि आर्चबिशपला कोर्टात खेचण्याची तयारी केली. रिटर यांनी वाद घातला नाही. एका रविवारी सर्व चर्चमध्ये त्यांचं पत्र वाचून दाखवलं गेलं. चर्चच्या अधिकाराविरुद्ध सरकारी न्यायालयात जाणाऱ्यावर धर्मबहिष्काराची कारवाई होऊ शकते, एवढंच त्यात बजावलं होतं. काही दिवसांतच संघटना विसर्जित झाली आणि मुलं एका वर्गात बसली.

न्यू ऑर्लिन्समध्ये प्रकरण इतकं सोपं गेलं नाही. आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी १९५६ मध्येच वर्णानुसार वेगळं ठेवणं हे पाप आहे असं जाहीर केलं होतं, पण शाळा खुल्या करायला त्यांना आणखी सहा वर्षं लागली. मधल्या काळात देणग्या आटल्या, राजकारणी विरोधात गेले, खुद्द काही पाद्री कुरकुरत होते. शेवटी १९६२च्या एप्रिलमध्ये रमेल यांनी विरोधाचं नेतृत्व करणाऱ्या तिघांना धर्मबहिष्कृत केलं. त्यातले लिअँडर पेरेझ हे लुइझियानातलं बडं राजकीय प्रस्थ होतं. सप्टेंबरमध्ये शाळा एकत्र भरल्या.

इथे एक गोष्ट नेहमी सांगायची राहून जाते. एकत्रीकरण झालं ते बहुतेक एकाच दिशेने. कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घेतलं गेलं, गोरी मुलं मात्र कृष्णवर्णीयांच्या शाळेत क्वचितच गेली. मग मुलं कमी झाली म्हणून पुष्कळ जुन्या कृष्णवर्णीय कॅथलिक शाळा बंद पडल्या. त्यांच्यासोबत कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका, शिक्षक आणि त्या वस्तीचा शाळेवरचा हक्कही गेला. समावेश करताना कोण कुणाच्या घरी जातं, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

सिसेरोमधली शाळा आणि भीतीचं कारण

प्रॉटेस्टंट शाळांचं उदाहरण घ्यायचं तर शिकागोच्या सीमेला लागून असलेल्या सिसेरो गावाचं घ्यावं. डच वंशाच्या, ख्रिश्चन रिफॉर्म्ड पंथाच्या कुटुंबांची टिमोथी ख्रिश्चन स्कूल तिथे होती. ही कुटुंबं पूर्वी शेजारच्या लॉनडेल भागात राहत. तिथे कृष्णवर्णीय लोक राहायला आले तशी ती हळूहळू बाहेर पडली. लॉनडेलमध्ये त्यांच्या पंथाचं चर्च मात्र राहिलं आणि त्यात आता कृष्णवर्णीय सभासद येऊ लागले.

१९६५ मध्ये त्या सभासदांनी आपल्या मुलांसाठी टिमोथी शाळेत अर्ज केले. पंथ एकच, श्रद्धा एकच, प्रार्थनाही त्याच. या पंथात मुलांना ख्रिस्ती शाळेत घालणं हे आईवडिलांचं धार्मिक कर्तव्य मानलं जातं, म्हणजे पालक त्यांना सांगितलं गेलेलंच करत होते. शाळेच्या मंडळाने नकार दिला.

नकाराचं कारण काय दिलं, ते महत्त्वाचं. आम्ही वर्णद्वेष्टे आहोत असं मंडळ म्हणालं नाही. त्यांचं म्हणणं असं की सिसेरोत काळी मुलं आणली तर गाव पेटेल, मुलांच्या जिवाला आणि शाळेच्या इमारतीला धोका होईल. ही भीती अगदीच खोटी नव्हती. १९५१ मध्ये एक कृष्णवर्णीय कुटुंब सिसेरोत भाड्याने राहायला आलं, तेव्हा हजारोंच्या गोऱ्या जमावाने ती इमारत फोडली होती आणि नॅशनल गार्डचे सैनिक बोलवावे लागले होते. १९६६ मध्ये नोकरी शोधायला सिसेरोत गेलेल्या १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला मारहाण झाली आणि तो मेला. त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग लॉनडेलमध्ये मुक्काम करून होते.

पण लॉनडेलच्या पालकांचा प्रश्न साधा होता: धोका आमच्या मुलांना आहे आणि तो पत्करायला आम्ही तयार आहोत, तर मग घाबरतंय कोण? वाद वर्षानुवर्षं चालला. या मुलांना दूरच्या दुसऱ्या ख्रिस्ती शाळेत पाठवण्याची सोय झाली. सोय करणाऱ्यांना तो तोडगा वाटत होता. रोज पहाटे बसमध्ये बसणाऱ्या मुलांना काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको.

१९६८ मध्ये या पंथाच्या सर्वोच्च सभेने, म्हणजे सिनॉडने, भूमिका घेतली. स्वतःला किंवा आपल्या संस्थेला त्रास होईल ही भीती कुणालाही वंश वा रंगामुळे चर्चमधून किंवा चर्चशी संबंधित शाळांतून वगळण्याचं कारण होऊ शकत नाही, असा त्याचा अर्थ. भीतीपोटी केलेला भेदभावही भेदभावच, हे इतक्या स्पष्ट शब्दांत क्वचितच कुठल्या धर्मसभेने म्हटलं असेल. तरीही शाळेचं मंडळ पालकांचं होतं, सिनॉडच्या हाताखालचं नव्हतं. रिटर यांच्यासारखं एक पत्र वाचून दाखवून इथे काम भागणार नव्हतं. पुढे शाळा सिसेरो सोडून एल्महर्स्ट या उपनगरात गेली आणि लॉनडेलच्या लोकांनी आपली स्वतःची ख्रिस्ती शाळा उभी केली.

आजही समावेशाच्या कामात सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर हेच असतं: आमचा विरोध नाही, पण बाकीचे पालक काय म्हणतील? मुलं काढून घेतली तर?

आयकर खात्याचा प्रवेश

दक्षिणेकडच्या राज्यांत गोष्ट याहून उघड होती. १९५४च्या निकालानंतरही तिथल्या सरकारी शाळांनी वर्षानुवर्षं चालढकल केली. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, कृष्णवर्णीय मुलं घरी बसली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आता एक दिवसही उशीर चालणार नाही असं बजावलं, तेव्हा दक्षिणेत गोऱ्यांच्या खासगी शाळांचं पीकच आलं. यातल्या बऱ्याच शाळांच्या नावात ‘ख्रिश्चन’ होतं. सगळ्याच वर्णभेदासाठी निघाल्या असं नाही. सरकारी शाळांतली प्रार्थना न्यायालयाने बंद केल्यामुळे नाराज झालेले पालकही त्यांत होते. मात्र वर्गात एकही काळं मूल नाही, ही गोष्ट योगायोग म्हणून खपण्यासारखी नव्हती.

मिसिसिपीच्या होम्स काउंटीतल्या कृष्णवर्णीय पालकांनी इथे वेगळं दार ठोठावलं. त्यांनी या शाळांवर खटला भरला नाही, सरकारवर भरला. या शाळांना धर्मादाय संस्था म्हणून करमाफी होती आणि त्यांना देणगी देणाऱ्याला करात वजावट मिळे, आपल्याकडे देणग्यांवर मिळते तशी. म्हणजे भेदभाव करणाऱ्या शाळेला सरकार अप्रत्यक्ष पैसे देत होतं. पालकांचं म्हणणं न्यायालयाने १९७१ मध्ये मान्य केलं. वर्णभेद करणारी खासगी शाळा करसवलतीला पात्र नाही.

पाठोपाठ १९७५ मध्ये आयकर खात्याने नियम केले. करसवलत हवी असेल तर शाळेने भेदभाव न करण्याचं धोरण आपल्या घटनेत लिहायचं, माहितीपत्रकात छापायचं आणि दरवर्षी वर्तमानपत्रात किंवा रेडिओवर जाहीर करायचं. २०१९ पासून वर्तमानपत्राऐवजी वेबसाइटच्या मुख्य पानावर टाकलं तरी चालतं. तळाशी दिसणारं ते वाक्य इथून आलं.

दक्षिण कॅरोलायनातल्या बॉब जोन्स युनिव्हर्सिटीने या नियमाला शेवटपर्यंत आव्हान दिलं. १९७१ पर्यंत तिथे एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतला जात नसे. त्यानंतर फक्त विवाहित घेतले, १९७५ पासून अविवाहितही घेतले, पण वेगळ्या वंशाच्या मुलामुलींनी एकमेकांसोबत फिरायचं नाही, लग्न करायचं नाही, असा नियम घातला. आधार बायबलचा. सोबत उत्तर कॅरोलायनातली गोल्ड्सबरो ख्रिश्चन स्कूल्स ही संस्थाही न्यायालयात होती. तिचं म्हणणं नोहाच्या तीन मुलांपासून वंश वेगळे झाले, ते तसेच राहावेत असं देवाच्या मनात आहे.

२४ मे १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी दोन्ही संस्थांविरुद्ध निकाल दिला. श्रद्धा बाळगायचं स्वातंत्र्य आहे, पण शिक्षणातला वर्णभेद संपवण्यात सरकारचं हित इतकं मोठं आहे की त्यापुढे करसवलतीचा दावा टिकत नाही. विद्यापीठाने दंड सोसला, नियम मात्र ठेवला. तो गेला मार्च २००० मध्ये. जॉर्ज बुश प्रचारासाठी तिथे गेल्यामुळे देशभर गदारोळ झाला आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत नियम रद्द केल्याचं सांगितलं. वर्णाबाबतच्या जुन्या धोरणांबद्दल माफी आली ती २००८ मध्ये.

दार उघडल्यानंतर

कायदा दारापर्यंत आणून सोडतो. मूल वर्गात बसल्यावर काय होतं, ते त्याच्या हातात फारसं नाही.

केसांचंच घ्या. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या एका ख्रिस्ती शाळेत सहा वर्षांचा मुलगा पहिल्या दिवशी दप्तर घेऊन गेला आणि केसांच्या बटा नियमात बसत नाहीत म्हणून परत पाठवला गेला. वडिलांनी काढलेला व्हिडिओ देशभर पाहिला गेला. मुलांचे केस आखूड असावेत, कानावर येऊ नयेत, हा नियम सर्वांना सारखाच दिसतो. पण कृष्णवर्णीय केसांच्या बटा किंवा वेण्या हीच ज्यांची नेहमीची ठेवण, त्यांना तो सारखा लागत नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने केसांवरून होणारा भेदभाव बेकायदा ठरवला, नंतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले. धार्मिक खासगी शाळा त्यांत येतात की नाही, हे राज्यागणिक बदलतं.

शाळेने स्वतःचा इतिहास कसा सांगायचा, हाही प्रश्न आहे. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात १७९९ पासून नन्सनी चालवलेली मुलींची एक नामवंत शाळा आहे, जॉर्जटाउन व्हिजिटेशन. या नन्सनी गुलाम मुलांना चोरून लिहायला-वाचायला शिकवलं, अशी आख्यायिका शाळेत पिढ्यान् पिढ्या सांगितली जायची. शाळेच्याच अभिलेखागारात शोध घेतला तेव्हा त्या आख्यायिकेचा पुरावा सापडला नाही. सापडली ती नन्सच्या मालकीच्या गुलामांची नावं आणि त्यांच्या विक्रीच्या नोंदी. शाळेने तो अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. जवळच्याच जॉर्जटाउन विद्यापीठाच्या जेझुइटांनी १८३८ मध्ये २७२ माणसं विकली होती. त्यांच्या वंशजांना विद्यापीठ २०१६ पासून प्रवेशात प्राधान्य देतं. आपल्या शाळेची गौरवगाथा तपासून पाहणं हे भित्तिपत्रकं लावण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

आणि भित्तिपत्रकांवरूनही भांडणं होतात. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरात जेझुइट परंपरेची, गरीब घरांतल्या मुलांसाठीची एक विनाशुल्क माध्यमिक शाळा आहे. मुलं बहुसंख्येने गोरेतर. २०२१ मध्ये विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून शाळेने दोन झेंडे लावले, एक ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’चा आणि एक समलिंगी समुदायाच्या अभिमानाचा. बिशपनी ते काढायला सांगितले. या झेंड्यांमागची विचारसरणी चर्चच्या शिकवणीशी जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं. शाळा म्हणाली, आमच्या मुलांना आपण इथे सुरक्षित आहोत हे दिसलं पाहिजे. जून २०२२ मध्ये बिशपनी शाळेला ‘कॅथलिक’ म्हणवून घ्यायला मनाई केली. सेंट लुइसमध्ये ज्या अधिकाराने शाळा खुल्या झाल्या, तोच अधिकार इथे दुसऱ्या बाजूला उभा होता. अमेरिकी कॅथलिक बिशपांनी मिळून वर्णद्वेषाविरुद्ध १९५८, १९७९ आणि २०१८ मध्ये पत्रकं काढली आहेत. मुद्द्यावर मतभेद नाही, पण तो वर्गात कोणत्या शब्दांत आणि कोणत्या झेंड्याखाली सांगायचा यावर कडाक्याचे मतभेद आहेत.

शिक्षकांबाबत कायद्याची बाजू आणखी नाजूक आहे. धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांच्या नेमणुकीत आणि बडतर्फीत न्यायालयं हात घालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन कॅथलिक शाळांच्या प्रकरणात ठरवलं. ते खटले वय आणि आजारपणाचे होते, पण तत्त्व तेवढ्यापुरतं मर्यादित नाही. दुसरीकडे २०२० आणि २०२२च्या निकालांनंतर पालकांना मिळणाऱ्या सरकारी शिक्षण-साहाय्यातून धार्मिक शाळांना केवळ त्या धार्मिक आहेत म्हणून वगळता येत नाही. पैसा सरकारी, नेमणुका मात्र न्यायालयाच्या कक्षेबाहेर, अशी स्थिती तयार होते आहे.

मराठी पालकांनी अर्ज भरताना

तळाशी असलेलं ते वाक्य भारतीय मुलांनाही लागू होतं, कारण त्यात राष्ट्रीय आणि वांशिक मूळ आहे. धर्म त्यात नाही. कॅथलिक शाळा आधी आपल्या चर्चच्या मुलांना जागा देऊ शकते आणि फी वेगळी लावू शकते. तरीही या शाळांतली साधारण पाचवा हिस्सा मुलं कॅथलिक नसतात, त्यामुळे हिंदू किंवा मुस्लिम मूल हे तिथे नवल राहिलेलं नाही. काही प्रॉटेस्टंट शाळा मात्र आईवडिलांकडून श्रद्धेच्या निवेदनावर सही मागतात. अर्ज भरण्याआधीच ते विचारलेलं बरं.

जातही त्या वाक्यात नाही. सिएटलने २०२३ मध्ये शहराच्या कायद्यात जातीवरून भेदभावाला बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. कॅलिफोर्निया विधिमंडळाने त्याच वर्षी संमत केलेलं तशाच आशयाचं विधेयक गव्हर्नरनी परत पाठवलं. त्याला विरोध करणाऱ्यांत आणि पाठिंबा देणाऱ्यांत, दोन्हीकडे भारतीय होते.

शाळेच्या भेटीत वाक्य वाचून झालं की विचारण्यासारखं बरंच उरतं: शिक्षकांत गोरेतर किती, केसांबाबतचा किंवा कपाळावरच्या टिकलीबाबतचा नियम काय, मुलाला कुणी रंगावरून किंवा डब्यातल्या भाजीच्या वासावरून चिडवलं तर तक्रार कुणाकडे करायची, आणि गेल्या वर्षी अशी तक्रार आली होती का. शेवटच्या प्रश्नाला अनेक ठिकाणी चटकन ‘नाही’ असं उत्तर येतं. तेव्हा ती नोंदवायची वही कुठे असते, एवढं आणखी विचारावं.